हूं नको म्हणू

डॉक्टर शेट्यांच्या टेबलावर एक उभं कॅलेंडर असायचं. आत्याबाईंनी ते उचललं, आपल्याकडे वळवून घेतलं आणि पदर सावरत भाद्रपदावर बोट ठेवलं.

"गौरी-गणपती हितं जात्यात. आन् आमच्या थोरल्या आईंचा म्हाळ हितं, अष्टमीला. ह्या मधल्या दिसांत काय ते उरका, डॉक्टरसाहेब."

ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला टाकायचा असल्यासारखं बोलत होत्या. ज्याचं काय ते उरकायचं होतं ते बाळ माझ्या पोटात होतं, आणि मी शेजारच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. थोरल्या आई म्हणजे त्यांच्या सासूबाई, आदल्या वर्षी गेलेल्या. पितृपक्षात त्यांच्या नावाचं पहिलं पान वाढायचं होतं आणि त्याला सगळी भावकी जेवायला येणार होती. अडचण एवढीच होती की घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर पाळायची. त्यात देवाला हात लावायचा नाही आणि पितरांना पान वाढायचं नाही. म्हणजे बाळानं गणपतीत यायचं नाही आणि म्हाळाच्या तोंडावरही यायचं नाही. मधे जी फट होती तिच्यातून त्यानं यावं, असा आमच्या घराचा बेत होता.

"मी दिलेली तारीख पितृपक्षातली आहे," डॉक्टर म्हणाले. "बाळ पायाळू आहे, म्हणून सिझर करायचंच आहे. पण घाई काहीच नाही. तुम्ही म्हणता त्याहून आठ-दहा दिवस जास्त आत राहिलं तर त्याच्याच फायद्याचं."

"नववा लागलाय की. भरलंय मूल."

"लागणं वेगळं आणि भरणं वेगळं, मावशी."

"ते तुमचं आठवड्याचं गणित. आमच्यात महिन्यानं मोजत्यात."

मग हे बोलले. हे म्हणजे माझे यजमान, धैर्यशील. नाव धैर्यशील असलं तरी आईपुढे ते कधी वापरायला मिळालं नाही. "डॉक्टर, आठवडाभर आगाप धरलं तर कितीसा फरक पडतोय?"

आमची द्राक्षबाग आहे. बाकीचे ऑक्टोबरात छाटणी घेतात, आम्ही त्याआधी घ्यायचो, तिला आगाप म्हणतात. माल बाजारात आधी येतो आणि दर चांगला मिळतो. मधेच पाऊस लागला तर सगळी बाग हातची जाते, पण तसं आमचं कधी झालं नव्हतं. त्यामुळे आगाप हा आमच्या घरात चांगला शब्द होता.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पुन्हा पाहिला. "वजन चांगलं दिसतंय. पण वजनावर सगळं नसतं. मी थांबाच म्हणेन. तरी तुमचा आग्रहच असेल तर..."

"गौरी गेल्या की लगीच, दशमीला सकाळी," आत्याबाई म्हणाल्या आणि कॅलेंडर जागेवर ठेवलं.

"डॉक्टर थांबा म्हणताहेत तर थांबू या ना," मी म्हटलं. मला कुणी नाही म्हटलं नाही. फक्त सगळे उठून उभे राहिले.

आत्याबाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही मी सासरी होते. डोहाळ्यांत मला आंबट-गोड काय हवं ते त्यांनी कुणालाही न सांगता ताटाच्या कडेला वाढलं. त्या दिवशी परत येताना जीपमध्ये माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "पायाळू हाईस न्हवं? ये बाबा. माझ्या पाठीची उसण तुझ्याच लाथंनं जायची हाय." त्यांच्या पाठीत कायम उसण भरलेली असायची, आणि पायाळूच्या लाथेनं ती जाते असं आमच्याकडे मानतात. मी हसले. हसताना पोटात त्यानं ढुशी दिली.

दशमीला सकाळी त्याला काढलं. तो खणखणीत रडला, मी पडद्याच्या अलीकडून ऐकलं. मुलगा झाला, वजन चांगलं भरलं, रंगही गोरा. मला खोलीत आणून झोपवलं तेव्हा कमरेखालचं अंग बधिर होतं. सिस्टर म्हणाली, चार-पाच तास असंच राहील, उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही. बाळाचा पाळणा पलीकडच्या भिंतीला खिडकीजवळ होता. मला त्याचा फक्त कठडा दिसायचा, आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या आत्याबाई.

"मी तुझी आज्जी," त्या त्याला सांगत होत्या. "भाईर पेढं वाटतोय त्यो तुझा बा. दारात उभं हाईत ते तुझं आजोबा, ते बोलत न्हाईत, तू मनावर घेऊ नगंस."

पाळण्यातून आवाज आला, "हूं."

"वैजू, ऐकलंस का? हुंकार देतोय. गोष्ट सांगिटल्यागत."

मी ऐकलं. बारीक, घशातला, गोड आवाज होता. आत्याबाई बोलत राहिल्या आणि तो हूं हूं करत राहिला. मग भावकीतल्या बायका आल्या. प्रत्येकीनं पाळण्यावर वाकून आपापली ओळख सांगितली आणि प्रत्येकीला त्यानं हुंकार दिला. एक चुलतसासू म्हणाली, "थोरल्या आईच आल्या बघा म्हाळ जेवायला. त्या बी अशाच हूं हूं करायच्या." सगळ्या हसल्या. मलाही अभिमान वाटत होता. माझं पोर पहिल्या दिवशीच माणसांत बसलं होतं.

सिस्टर मधे येऊन माझी सलाईन बघून गेली. "बाळ रडतंय का?"

"छे गं, गप्पा मारतंय," आत्याबाई म्हणाल्या. ती घाईत होती, हसून गेली.

दुपारी बायका जेवायला गेल्या. आत्याबाईंना स्टुलावरच डुलकी लागली. तेवढ्यात वीज गेली. तेव्हा भारनियमन रोजचं होतं. पंख्याची घरघर थांबली आणि खोली एकदम शांत झाली.

"हूं."

मी छताकडे बघत पडले होते.

"हूं. हूं. हूं."

गोष्ट ऐकणारा हुंकार देतो तो सांगणारा थांबला की. लहानपणी आम्ही सगळ्यांनी दिलाय. इथं तर कुणीच काही सांगत नव्हतं. आत्याबाई झोपल्या होत्या, मी गप्प होते, आणि तो एकामागून एक, न चुकता, प्रत्येक श्वासाला हूं म्हणत होता. मी माझा श्वास धरून ऐकलं. आवाज आता गोड वाटेना. ओझं उचलताना माणूस कण्हतो तसा होता.

मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती. कमरेखाली काही कळत नव्हतं, त्यामुळे सगळी भीती छातीत आणि घशात जमा झाली होती.

"आत्याबाई."

"अं?"

"आत्याबाई, उठा. तो कुणाशी बोलतोय?"

"आँ? झोप की गं जरा."

"तुम्ही काही बोलू नका. नुसतं ऐका."

त्या ऐकत राहिल्या. आम्ही दोघी एक शब्द न बोलता ऐकत होतो आणि पाळण्यातून हूं, हूं, हूं येत होतं. मग त्या उठल्या, वाकल्या, त्याच्या अंगावरचं दुपटं सोडलं. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ तशीच वाकलेली राहिली.

"काय झालं? आत्याबाई, काय दिसतंय? सांगा की मला."

त्यांनी सांगितलं नाही. काय दिसलं ते मला फार नंतर कळलं. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या आणि नखं जांभळट झाली होती. त्यांनी त्याला उचललं, छातीशी धरलं आणि धावत सुटल्या. ज्या बाईला उसणीमुळे चुलीपुढून उठताना हाताला धरावं लागायचं ती अनवाणी, पदर फरशीवरून ओढत, "डाक्टर" अशी हाक मारत धावत गेली.

मी तिथंच होते. तो आवाज व्हरांड्यातून लांब जात होता आणि मी तो कानांत धरून ठेवायचा प्रयत्न करत होते. ऐकू येतोय तोवर तो आहे, एवढंच डोक्यात होतं. मग ऐकू येईना.

बऱ्याच वेळानं हे दारात आले. एका हातात पेढ्यांचा पुडा तसाच होता. "मिरजेला नेतोय त्याला. तिथं मोठं मशीन आहे."

"मला पण घ्या."

"तुला उठता येतंय का?"

मी पाय उचलायला गेले. उचलला असं मला वाटलं, पण चादर हलली नाही. यांनी पुडा खिडकीत ठेवला आणि गेले. ॲम्ब्युलन्स फाटकातून बाहेर पडल्याचं मी आवाजावरून ओळखलं.

माझ्याजवळ मामा राहिले, माझे सासरे. आमच्याकडे सून आणि सासरा एका खोलीत बसत नाहीत. मामांनी खुर्ची दाराबाहेर ठेवली आणि माझ्याकडे अर्धी पाठ करून बसले, मोबाईल दोन्ही हातांत धरून. तो वाजला.

"पोचली," मामा बाहेर बघतच म्हणाले.

पुन्हा वाजला. "आत घेतलंय."

पुन्हा. "नळी घातलीया. श्वासाची."

"काय म्हणतात डॉक्टर?"

"काय म्हणत न्हाईत."

संध्याकाळी शेटे डॉक्टर माझी तपासणी करायला आले. जाताना दाराशी थांबले. "होतं असं कधी कधी. कळा सुरू व्हायच्या आत बाळ काढलं की फुप्फुसं तयार झालेली नसतात. बाहेरून बाळ धडधाकट दिसतं."

मामा खुर्चीतून उठले. "थांबलो असतो तर?"

डॉक्टर दारातून परत वळले. "तर बहुतेक हे झालं नसतं. मी अजून जोर करायला हवा होता."

मी वाट पाहत होते की मामा त्यांच्यावर ओरडतील, किंवा निदान काहीतरी बोलतील. ते फक्त "बरं" म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. थोड्या वेळानं आया रिकामा पाळणा न्यायला आली तेव्हा तेवढे बोलले, "ऱ्हाऊ दे त्यो हितंच."

तिसऱ्या दिवशी टाके सांभाळत मला मिरजेला नेलं. जीप खड्ड्यातून गेली की पोटात सुरी फिरायची, पण मला त्याचं काही नव्हतं. तीन दिवस माझ्या कानात एकच आवाज होता. झोप लागली तरी तो चालू असायचा. तो थांबला की मला जाग यायची आणि मग पुन्हा सुरू व्हायचा.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीबाहेर बाकडं होतं. आत्याबाई तिथं बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि बाजूला झाल्या. पायात चप्पल नव्हती. यांनी नवी आणून दिलेली बाकड्याखाली तशीच पडली होती.

मी काचेला कपाळ लावलं. पेटीत तो होता. तोंडात नळी, हाताला सुई, डोळ्यांवर पट्टी. छाती मशीनच्या ठेक्यावर वर-खाली होत होती. आणि आवाज नव्हता.

"आवाज येत नाही," मी म्हटलं. "आत्याबाई, आवाज येत नाही त्याचा."

"काच हाय न्हवं मधी."

आतून एक डॉक्टर बाई आल्या, नाझनीन मुल्ला नावाच्या. त्यांनी मला गाऊन घालायला दिला आणि आत नेलं. आत काच नव्हती. तरीही आवाज नव्हता. मी पेटीची कड धरली.

"हा आवाज का करत नाही, डॉक्टर?"

"करू नये म्हणूनच मशीन लावलंय," त्या म्हणाल्या. "तो आवाज कशाचा होता माहितेय? फुप्फुसं कच्ची असली की प्रत्येक श्वासाला मिटायला बघतात. ती मिटू नयेत म्हणून बाळ घसा आवळून हवा आत अडवून धरतं. तसा तो तासन् तास झगडत होता, एकटाच."

मला आठवलं, तेव्हा आम्ही सगळे हसत होतो.

"वाचेल का?"

"आज सांगत नाही. उद्या विचारा."

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, उद्या विचारा. मधे एक दिवस त्याचं रक्त बिघडलं, ताप आला, त्या दिवशी त्यांनी तेवढंही म्हटलं नाही, नुसती मान हलवली आणि आत गेल्या. त्या दिवशी मी बाकड्याच्या एका टोकाला आणि आत्याबाई दुसऱ्या टोकाला, अशा संध्याकाळपर्यंत बसून होतो. मला त्यांचा राग येत होता. इतका की त्यांच्या श्वासाचाही येत होता. काय काय बोलायचं ते मी मनात लावून ठेवलं होतं, एकाखाली एक, आणि फक्त एका गोष्टीसाठी थांबले होते. तो गेला तर बोलणार होते. तो जगला तर काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं.

मग एका सकाळी मामा चुलतसासूंनी दिलेला डबा घेऊन आले. डबा ठेवला आणि उभेच राहिले.

"आज अष्टमी," ते म्हणाले.

सोयर केव्हाच फिटली होती. ज्या तिथीसाठी बाळाला आगाप काढलं ती तिथी मोकळी, स्वच्छ समोर आली होती आणि घरी चूल पेटवायलाही बाईमाणूस नव्हतं. मी आत्याबाईंकडे बघितलं.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "काल गुरुजींना फोन केलता. तिथी चुकली तर काय करायचं म्हटलं. ते म्हणालं, सर्वपित्री अमावस्येला घाला. राहिलेल्या समद्यांचा त्याच दिवशी असतोय."

मामांनी डबा उचलून बाकड्याच्या कडेला सरकवला.

"आन् हे मला नवं न्हाई, वैजू. आमच्या चुलत्याचा म्हाळ अमावस्येलाच घातलेला, मी स्वतः वाढलेलं. ठावं असून ध्यानात आलं न्हाई. थोरल्या आईंचं पयलं पान, भावकी काय म्हणंल, एवढंच डोस्क्यात बसलेलं." त्यांनी आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. "थोरल्या आई थांबल्या असत्या गं. अमावस्येपतोर थांबल्या असत्या. त्यांना कुठं जायाचं हुतं?"

मी लावून ठेवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं. त्यांच्या टाचा भेगाळून काळ्या झाल्या होत्या. मी बाकड्याखालची चप्पल पायानं त्यांच्याकडे सरकवली. याहून जास्त मला जमलं नाही. राग गेला होता असं नाही, तो पुढं कित्येक वर्षं राहिला.

काचेचं दार उघडलं. मुल्ला डॉक्टर बाहेर आल्या. मला वाटलं, संपलं. पहिल्या दिवसानंतर त्यांनी स्वतःहून बाहेर यायची ही पहिलीच वेळ होती.

"आज तुम्ही विचारायला आला नाहीत," त्या म्हणाल्या. "मघाशी नळी काढली त्याची. स्वतः घेतोय श्वास. जरा इकडे या, रडतोय, ऐका."

रडणं कसलं, घोगरं कुईकुई होतं. इतके दिवस नळी होती ना घशात. आत्याबाईंनी दाराच्या फटीला कान लावला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या रडणं ऐकत नव्हत्या. रडण्याच्या मधे हूं येतंय का, ते ऐकत होत्या.

म्हाळ अमावस्येला घातला. सगळी भावकी आली, पोटभर जेवली, कुणी काही म्हटलं नाही.

समरजित नाव ठेवलं त्याचं. वाढला, धष्टपुष्ट झाला, आत्याबाईंच्या पाठीवर पाय देऊन त्यानं त्यांची उसण कितीदा तरी काढली. पोटातून काढलेलं पोर पायाळू कसलं, असं मामा एकदा म्हणाले होते, तर त्यांच्यावर त्या दोन दिवस रुसल्या होत्या.

फक्त एक गोष्ट होती. संध्याकाळी बागेतल्या शेडवर बसून त्या सगळ्या नातवंडांना गोष्टी सांगायच्या. बाकीची पोरं हूं हूं करायची. समरला ती मुभा नव्हती. "तू हूं म्हणायचं न्हाई. तू 'मग?' म्हण." तो विसरून हूं म्हणाला की त्या गोष्ट तिथंच थांबवायच्या, त्याच्या छातीवर हात ठेवायच्या, आणि दोन-तीन श्वास झाल्यावरच राजा पुढं जायचा. पोरं कुरकुरायची. समरला वाटायचं, आजीचा आपल्यावरच जास्त जीव आहे. तेही खोटं नव्हतं.

तो आता पुण्याला शिकतो. फोनवर मी काही सांगत असले की बाकीच्यांसारखं हूं हूं करत नाही, "मग?" म्हणतो. त्याचे मित्र त्याला चिडवतात म्हणे.

गेल्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. जाण्याआधी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माझ्या तिथीसाठी कुणाचं काय अडवू नगा. अमावस्या हाय की." यंदा त्यांचा पहिला म्हाळ. तिथीच्या दिवशी समरची परीक्षा निघाली. मी फोन करून सांगितलं, काही धावपळ करू नकोस, आपण अमावस्येला घालू.

"चालतं तसं?"

"चालतं."

"आई, एक विचारू? आजी मला हूं का म्हणू द्यायची नाही?"

मी त्याला हे सगळं सांगितलं. कॅलेंडरपासून सुरुवात केली. तो मधे मधे "मग?" म्हणत होता. वीज गेली तिथवर आले तेव्हा म्हणाला, काचेचं दार उघडलं तेव्हा म्हणाला, त्यानंतर त्याचं "मग?" आलं नाही. माझं सांगून संपलं.

मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "हूं."

मी त्याचा पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत फोन कानाला धरून थांबले.